कोल्हापूर पायी पाहायचंय? पंचगंगेच्या घाटापासून रंकाळ्यापर्यंत एका दिवसाची वाट

कोल्हापुरात येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचा दिवस आधीच ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, एक जोड चप्पल, तांबडा-पांढरा, वेळ उरला तर पन्हाळा, की परतीची गाडी. मीही पहिल्यांदा आले तेव्हा तेच केलं. पुढे नोकरीनिमित्त इथेच राहायला आले आणि घरी पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. त्यांना गाव दाखवताना माझ्या लक्षात आलं, की हे शहर गाडीतून दिसतच नाही. घाट, वेशी, देऊळ, राजवाडा, कुस्तीचं मैदान, नाट्यगृह हे सगळं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. फक्त कुठून सुरुवात करायची हे कुणी सांगत नाही, म्हणून माणूस पार्किंग मिळेल तिथून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो.

मला हे एका रिक्षावाल्या काकांनी सांगितलं. स्टेशनवरून "महाद्वारला सोडा" म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, एवढ्या सकाळी देवळात कशाला घाई? आधी नदीवर जावा, मग गंगावेशीतनं चालत देवीकडं या." तेव्हा ऐकलं नाही. नंतर ऐकलं, आणि आता प्रत्येक पाहुण्याला त्याच वाटेने नेते.

ही वाट मी दोन भागांत करते. सकाळी सहा-साडेसहा ते अकरा, मग जेवण आणि विश्रांती, आणि साधारण तीन ते सूर्यास्त. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी सोबत असतील तर दोन दिवसांत विभागा.

१. निघण्याआधी: कोणता दिवस निवडाल?

मंगळवार, शुक्रवार, शनिवार-रविवार आणि पौर्णिमा या दिवशी देवळाभोवती फार गर्दी असते. नवरात्रात तर अख्खा परिसर भाविकांचा असतो. त्या काळात यायचं असेल तर दर्शनासाठीच या, शहर पाहण्याचा बेत वेगळा ठेवा. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, तेव्हाही शहरात राहायला जागा मिळणं अवघड जातं. सोमवार मात्र मी टाळते, कारण टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय त्या दिवशी बंद असतं. पाहुण्यांना घेऊन कुलूपबंद दारापर्यंत जाऊन परत आले आहे. बुधवार आणि गुरुवार सगळ्यांत निवांत.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात कोल्हापूर सुंदर दिसतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये घाट पाण्याखाली जाऊ शकतो. इथे पावसाळ्यात लोक बातम्यांत एकच आकडा आधी शोधतात: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. तुम्ही त्या महिन्यांत येणार असाल तर हा आकडा आदल्या रात्री बघा आणि मगच सकाळचा बेत ठरवा.

२. सोबत काय घ्याल?

- काढायला-घालायला सोपी पादत्राणं. या वाटेवर पाच-सहा वेळा तरी ती काढावी लागतात. नाडीचे बूट घातलेला माणूस दुपारपर्यंत वैतागतो.
- एक जोडी जाड मोजे. देवळाच्या आवारातली फरशी उन्हात तापते, अनवाणी पाय भाजतात.
- अंगभर कपडे. आखूड कपड्यांत देवळात जाऊ नका, दारातच अडवतील.
- दहा-वीसच्या नोटा. दुधाचा पेला, चप्पल ठेवणं, फुलं, वस्तुसंग्रहालयाचं तिकीट, सगळं किरकोळीत चालतं.
- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. रस्त्यात लागत नाही, पण यात्री निवासात किंवा लॉजवर खोली घेताना प्रत्येकाचं मागतात.
- पाण्याची बाटली, टोपी, कापडी पिशवी.

मोठी बॅग खोलीवर किंवा ओळखीच्यांकडे ठेवून या. ती पाठीवर घेऊन दर्शनाच्या रांगेत उभं राहणं तुम्हालाही जड आणि मागच्यालाही.

आणखी एक गोष्ट सोबत हवी: पत्ता विचारायचे चार शब्द. इथे रस्त्याची नावं फार कुणी सांगत नाही. "तिकटी" म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, "वेस" म्हणजे जुन्या तटबंदीतला दरवाजा, "कमान" म्हणजे सहसा भवानी मंडपाजवळची कमान, आणि "तालीम" म्हणजे कुस्तीचा आखाडा, जो त्या पेठेच्या एकीचंही ठिकाण असतो. "अमक्या तालमीच्या मागं" असं उत्तर मिळालं तर गोंधळू नका. तालीम विचारत गेलात की घर सापडतं.

३. पंचगंगा घाट (सकाळी साडेसहा)

स्टेशनवरून किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षाने थेट घाटावर उतरा. नावात पाच नद्या आहेत: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती, जी गुप्त मानली जाते. संगम इथे नाही, थोडा वर प्रयाग चिखलीला आहे. ही चूक बरेच जण करतात आणि घाटावर उभं राहून संगम शोधत बसतात.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा पायऱ्या, दीपमाळा, छोटी छोटी देवळं सगळं मोकळं दिसतं. पावसाळ्यात यातली बरीच देवळं शिखरापर्यंत बुडतात. दगडावर पाण्याच्या जुन्या रेषा शोधा. मी पाहुण्यांना त्या दाखवते, मग महापुराचे आकडे त्यांना वेगळे सांगावे लागत नाहीत. घाटाच्या परिसरात छत्रपती घराण्यातल्या समाध्याही आहेत, तिथे आवाज कमी ठेवा. समोर जुना दगडी शिवाजी पूल दिसतो.

घाटाला लागून जो उंचवटा आहे तो ब्रह्मपुरी. वर आता वस्ती आहे, पाहण्यासारखं फारसं काही नाही, पण ही जागा लक्षात ठेवा. इथे झालेल्या उत्खननात सातवाहन काळातलं गाव सापडलं, आणि ब्रह्मपुरीतच पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझची मूर्ती मिळाली. ती संध्याकाळी तुम्हाला भेटेल.

सावध राहा: पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाण्यात उतरायचा मोह नको, फोटोसाठी तर अजिबात नको.

४. गंगावेस: दुधाचा पेला आणि तालीम

घाटावरून शुक्रवार पेठेतून चालत गंगावेशीत या. वेस म्हटलं तरी आता दरवाजा नाही, नाव उरलंय. कोल्हापूर हे तटबंदीचं शहर होतं, आणि नदीकडून येणारा माणूस याच बाजूने आत शिरायचा. तुम्ही त्याच्याच पावलांवर चाललात, म्हणूनच मला ही सुरुवात आवडते.

इथला दूध कट्टा ही दुसऱ्या शहरात न दिसणारी गोष्ट. गवळी म्हशी घेऊन येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पहाटे आणि संध्याकाळी हे चालतं. पैलवानांच्या गावाला हे शोभतंच. पण ज्यांना कच्चं दूध पचत नाही, गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि आजारी माणसं यांनी ते पिऊ नये. बघण्यातही समाधान आहे.

जवळच गंगावेस तालीम आहे. सकाळी मेहनत चालू असते. आत डोकावायचं असेल तर दारात थांबून विचारा, पादत्राणं बाहेर काढा, आणि आखाड्याच्या लाल मातीत पाय ठेवू नका. ती माती साधी नसते. तिच्यात हळद, ताक, तूप, लिंबू असं बरंच काही मिसळून ती मऊ केलेली असते आणि मल्ल तिला नमस्कार करून उतरतो. मोबाईल बाहेर काढण्याआधीही विचारा. मी गेले तेव्हा वस्तादांनी दारातूनच बघा म्हणून सांगितलं, आणि दारातून जे दिसलं तेवढंही पुरेसं होतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलं तासन् तास न बोलता मेहनत करत होती. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच शहरात, शाहूपुरी तालमीत घडले, आणि १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. तालमीच्या दारात उभं राहिलं की ही नावं खरी वाटायला लागतात.

एव्हाना भूक लागलेली असते. मिसळ खाऊन घ्या. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे काप येतात. तिखटाची सवय नसेल तर "कट (म्हणजे तिखट रस्सा) वेगळा द्या" असं सांगा, म्हणजे आपल्याला झेपेल तेवढाच ओतून घेता येतो.

५. पापाची तिकटी ते महाद्वार

गंगावेशीकडून पापाच्या तिकटीवर आलात की बाजार सुरू होतो आणि महाद्वार रोड सरळ देवळाच्या पश्चिम दारात नेतो. साडेआठ-नऊला दुकानं उघडत असतात, रस्ता चालता येण्याजोगा असतो. अकरानंतर इथे माणूस माणसाला ढकलतो.

चारचाकी या भागात आणू नका. पहिल्या वर्षी मी आणली होती आणि एवढ्याशा रस्त्यात पाऊण तास अडकले. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा किंवा खोलीवरच ठेवा.

याच परिसरात गुजरी आहे, सोनारांची गल्ली. कोल्हापुरी साज, ठुशी बघायची तर इथे. साजातली पानं नुसती नक्षी नाही. त्यांत दशावतार आहेत, अष्टमंगल आहेत, आणि जुन्या कारागिराला विचारलंत तर तो एकेक पान बोट ठेवून सांगतो. घेणार नसाल तर तसं आधीच मोकळेपणाने सांगा. सकाळी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा लोक आनंदाने दाखवतात.

६. अंबाबाईचं देऊळ

इथे वेळ द्या. निदान दीड तास.

आधी पादत्राणांचं. देवळाभोवती काही दुकानांवर "चप्पल इथे ठेवा, पैसे नाहीत" असं सांगतात, आणि मग ओटीचं ताट हातात येतं. ओटी भरायची इच्छा असेल तर जरूर घ्या, पण किंमत आधी विचारा. नको असेल तर शांतपणे नाही म्हणा आणि चप्पल ठेवण्याची नेमलेली जागा शोधा. "लवकर दर्शन करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या मागे जाऊ नका. रांग लांब असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, ती भराभर सरकते. वयस्कर माणसांना मी तिथूनच नेते.

आता देऊळ. काळ्या पाषाणातला मुख्य भाग चालुक्य-शिलाहार काळातला, वरची पांढरी शिखरं बरीच नंतरची. दगडाचा आणि चुन्याचा हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. आत तीन गाभारे: मधे महालक्ष्मी, दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. वरच्या मजल्यावर मातुलिंग, म्हणजे शिवलिंग आहे. मोगली धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवली होती, आणि १७१५ च्या विजयादशमीला तिची इथे पुन्हा स्थापना झाली.

देवीचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणून किरणोत्सव होतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, सगळे मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगितला जातो. आकाशात ढग असले किंवा वाटेत एखादं बांधकाम आड आलं तर किरणं अर्ध्यावर थांबतात. मी एकदा दोन तास थांबले आणि त्या दिवशी ढग आले. तरी गर्दीत त्या क्षणी पसरलेली शांतता अजून आठवते. त्या तारखांना येणार असाल तर दुपारी चारच्या आत आवारात पोचा, आणि किरण दिसेलच असा हट्ट मनात ठेवू नका.

दर्शन झालं की निघू नका. बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला, सावकाश. भिंत सरळ नाही, ती सतत आत-बाहेर वळते, आणि प्रत्येक वळणावर सावली बदलते. वादक, नर्तकी, आरसा धरलेल्या सुरसुंदरी दगडात उभ्या आहेत. बहुतेक लोक रांगेतून बाहेर पडताना यांच्याकडे पाठ करून प्रसादाच्या दुकानाकडे वळतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा.

७. भवानी मंडप आणि जुना राजवाडा

देवळाच्या पूर्वेकडून बाहेर पडलात की पाच मिनिटांत भवानी मंडप. कोल्हापूरची गादी आधी पन्हाळ्यावर होती, अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी इथे आली. देऊळ आणि राजवाडा इतके जवळ का, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. छत्रपतींची कुलदेवता तुळजाभवानी राजवाड्यात आहे. अंबाबाईच्या दारातून निघून तुम्ही भवानीच्या दारात येता. आवारातच मेन राजाराम हायस्कूल आहे, त्यामुळे शाळा सुटायच्या वेळी इथे मुलांचा गलका असतो. राजवाड्याच्या चौकात मुलं डबा खाताना दिसली की हे ठिकाण फक्त बघण्याचं नाही, वापरातलं आहे हे जाणवतं.

नगारखान्याची कमान बाहेरून नीट बघा, मान वर करून. पाहुण्यांना मी इथे दहा मिनिटं बसवते. फार सांगत नाही.

८. खासबाग आणि नाट्यगृह

आता दक्षिणेकडे चाला. दहा-बारा मिनिटांत खासबाग कुस्ती मैदान येतं. दार बंद असेल तर रखवालदाराला विचारा, मैदान रिकामं असताना सहसा बघू देतात.

शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोमचं भव्य क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि परतल्यावर आपल्या गावात मल्लांसाठी मैदान बांधायचं मनावर घेतलं. ते १९१२ मध्ये पूर्ण झालं. मधे आखाडा, आणि भोवती वर चढत गेलेली मातीची उतरण. मधे एकही खांब नाही, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पुढच्याइतकंच दिसतं. मी पहिल्यांदा वरच्या कडेला उभी राहिले तेव्हा खाली आखाड्यात बोलणाऱ्या दोघांचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता.

मैदानाला पाठ लावूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. शाहू महाराजांनीच ते १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलं. कुस्ती आणि नाटक, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. राजाने आपल्या लोकांच्या दोन्ही आवडी शेजारी शेजारी बसवल्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. त्या सकाळी रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. कुणी इथे पहिलं नाटक केलं होतं, कुणी फक्त तिकीट काढून बसलं होतं. तुम्ही जाल तेव्हा आत प्रवेश असेल का, हे तिथेच विचारा. नसला तरी बाहेर दोन मिनिटं थांबा.

जवळच खरी कॉर्नरला दगडी कॅमेऱ्याचं स्मारक आहे, बाबूराव पेंटर यांचं. मराठी सिनेमाचा पाया त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने या गल्ल्यांत घातला, आणि प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली, पुण्याला नंतर गेली. सिनेमाची आवड असलेला पाहुणा असेल तर हा छोटा वळसा घ्याच. नाहीतर सरळ जेवायला.

९. दुपार

बारा ते तीन उन्हात फिरू नका. तांबडा-पांढरा घेणार असाल तर आधी पांढरा प्या, मग तांबडा. तांबड्याने सुरुवात केलीत तर पांढऱ्याची खरी चव कळत नाही. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी मागा. थोडं झोपा.

१०. बिंदू चौक

तीनच्या सुमारास बिंदू चौकात या. सकाळपासून ज्या तटबंदीच्या वेशींची नावं घेत आलो, तिचा उरलेला तुकडा इथे समोर उभा आहे. बुरूज आणि भिंत, मागे सबजेल.

चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० ला समाजसुधारक भाई माधवराव बागल यांनी ते बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. एका नेत्याच्या हयातीत त्याचा पुतळा उभारावा असं त्या काळी या शहराला वाटलं. का वाटलं, त्याचं उत्तर पुढच्या टप्प्यावर आहे.

"या बिंदू चौकात!" हे इथलं आव्हान आहे. राजकारणात कुणी कुणाला जाब विचारला की जाहीर चर्चेसाठी याच चौकात बोलावतो. कोल्हापुरातल्या वर्तमानपत्रात हे वाक्य तुम्हाला हमखास दिसेल.

११. शिवाजी चौक, भाऊसिंगजी रोड, टाऊन हॉल

बिंदू चौकातून शिवाजी चौकात या. शिवाजी महाराजांचा इथला अर्धपुतळा बाबूराव पेंटर यांनी घडवलेला. या जागी आधी ब्रिटिश गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत दोन कोल्हापुरी स्त्रियांनी तो विद्रूप केला, आणि १९४५ मध्ये त्याच जागी महाराज उभे राहिले.

चप्पल घ्यायची तर चप्पल लाईन याच बाजूला आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात सगळं अस्सल असतंच असं नाही. जोड उलटा करून बघा. खरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असते. खिळे आणि गोंदाचा वास आला तर परत ठेवा. पहिल्या आठवड्यात ती चावते, म्हणून घेतल्या घेतल्या पायात घालून उरलेली वाट चालू नका. घरी नेऊन तेल लावा, रोज अर्धा तास घाला, पाण्यापासून जपा.

भाऊसिंगजी रोडवरून उत्तरेकडे चला. गंगाराम कांबळे यांचं हॉटेल याच रस्त्यावर होतं. दलित माणसाच्या हातचा चहा कुणी प्यायला तयार नसताना शाहू महाराज आपली गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे, आणि सोबतच्यांनाही द्यायचे. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. चहाची गोष्ट मात्र रस्त्यावर उभं राहून ऐकावी. इथून राजवाडा किती जवळ आहे हे तुम्ही आजच चालून बघितलंय. महाराजांनी चहा घेतला ही बातमी राजवाड्यापासून शेवटच्या पेठेपर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल, याचा अंदाज तुमच्या पायांना आहे.

पुढे सीपीआर रुग्णालयासमोर टाऊन हॉल. १८७० च्या दशकातली ही इमारत मेजर चार्ल्स मांट यांची, नवा राजवाडाही त्यांनीच आखला. वस्तुसंग्रहालयात पावणेचारपर्यंत शिरा, पाचच्या सुमारास आवरायला लागतात. पोसायडन शोधा. हाताच्या तळव्यावर मावेल असा वाटतो. सकाळी ज्या उंचवट्याजवळून आपण गेलो, तिथे तो मातीखाली होता, समुद्रापासून आणि ग्रीसपासून इतक्या लांब. बागेत वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) आणि जुन्या मूर्ती आहेत, त्यांच्याकडेही लक्ष द्या.

बाहेर पडून दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहा आणि गोल फिरून बघा. आजूबाजूला वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंग दिसतात. खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात राहायला जागा मिळाली तरच तो शिकेल, हे ओळखून महाराजांनी ही वसतिगृहं उभी केली किंवा त्यांना जागा आणि पैसा दिला. यांतली काही आजही विद्यार्थ्यांनी भरलेली आहेत. दसऱ्याच्या संध्याकाळी याच चौकात शाही सोहळ्यात सोनं लुटलं जातं.

१२. रंकाळा (सूर्यास्ताआधी)

दसरा चौकातून रंकाळा चालत लांब पडतो. दिवसभर चालल्यावर रिक्षाच करा, आणि भाडं बसण्याआधी ठरवा. रंकाळा टॉवरपाशी उतरा, तिथून काठाने चालत पुढे जा. पाण्याच्या पलीकडे काळ्या दगडातला शालिनी पॅलेस दिसतो. पाणी खाली गेलेलं असेल तर संध्यामठाचे, म्हणजे तलावातल्या जुन्या दगडी मंडपाचे, खांब पूर्ण उघडे पडतात, भरलेलं असेल तर मठ अर्धा बुडालेला असतो. दोन्ही रूपं बघितली आहेत, मला बुडालेलं जास्त आवडतं.

मुलं असतील तर भेळ चौपाटीवर मिळते. काठाच्या कठड्यावर त्यांना चढू देऊ नका. आठनंतर इथून रिक्षा मिळायला वेळ लागतो. रात्रीची गाडी पकडायची असेल तर सूर्य बुडाला की लगेच रस्त्यावर या, आणि स्टेशनला जायला वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा.